इतर हक्क

रविवारी लातूरहून एस.टी.नं आले,
पिशवीत एक जास्तीची केबल.
उमाकांतनं फोनवर सांगितलं होतं,
"वरच्या लॅपटॉपवर खालचं फोल्डर उघडना गेलंय.
अप्पांचे कागद अडकलेत. तूच बघ एकदा."
अकरा वर्षांत 'तूच' पहिल्यांदा.

उदगीरला तहसीलसमोर अप्पांचं टेबल असायचं,
मन्मथप्पा, दस्तलेखक.
आता गुडघे दुखतात, म्हणून घरीच टाईप करतात
गावोगावची खरेदीखतं, वाटणीपत्रं,
बहिणींची हक्कसोडपत्रं.
सगळं एका फोल्डरात. नाव: सामाईक.
प्रिंटर वरच्या मजल्यावर, भावाकडं.
मधे चौदा पायऱ्या.

वहिनीनं सुशीला दिला, वर दही.
अप्पा खुर्चीतून म्हणाले, "काय करूलालीस?"
"बघूलालेय, अप्पा."

आधी वायफाय. लॅपटॉप आपल्याच घराला
सार्वजनिक जागा समजून बसला होता,
बसस्टँडवर बसावं तसा, पिशवी छातीशी धरून.
त्याला सांगितलं, हे घर आहे.
खालचं कॉम्प्युटर लगेच दिसायला लागलं.
दिसलं, पण उघडेना.
प्रवेश नाकारला.

अप्पांना समजावलं: दारं दोन असतात,
एक रस्त्यावरचं, एक आतलं.
रस्त्यावरचं सताड उघडं ठेवलं
तरी आतल्याला कडी असेल तर कडीच खरी.
अप्पा म्हणाले, "म्हणजे वहिवाट आहे, पण कब्जा नाही."
त्यांना माझ्यापेक्षा लवकर कळतं.

आतली यादी उघडली.
मालक: एक लांबलचक आकडा, नाव नाही.
जुनं मशीन दोन हजार सोळाला जळालं,
त्याच्यावरचं खातं गेलं, आकडा राहिला.
"मयत खातेदार," अप्पा म्हणाले,
"कमी कर. वारसनोंद लाव."
लावली. मालक: मन्मथप्पा.
त्याखाली बारीक अक्षरात
वारसा बंद केलेला आहे, असं काहीतरी.
तेही चालू केलं.

तरी उघडेना.

वरच्या लॅपटॉपवर ईश्वरी अभ्यास करते,
भावाची पोरगी, सातवीत.
लॅपटॉप माझा होता, कॉलेजातला.
नावही कुणी बदललं नव्हतं.
पोरगी रोज गंगोत्री म्हणून आत शिरते
आणि तिला कुणी काही विचारत नाही.

यादीत अगदी तळाशी, गंगोत्री.
पूर्ण नियंत्रण: नकार.
बदल: नकार.
वाचन: नकार.
सहाच्या सहा रकान्यांत टिक.
इतर कुणी कितीही परवानगी दिली
तरी एक नकार सगळ्यांना पुरून उरतो,
हा नियम मीच लोकांना शिकवते, पगार घेऊन.

आणि मग तो फोन आठवला.
माझ्या लग्नाला महिना झाला होता,
ज्या लग्नाला इथून कुणी आलं नव्हतं.
उमाकांतचा आवाज घाईचा, रस्त्यावरचा:
एखाद्याला फोल्डर बंद करायचं तर कसं करावं?
मला वाटलं, टेबलावर नवीन पोरगा ठेवलाय.
फोन आला याचाच आनंद एवढा होता, की
सावकाश सांगितलं, एकेक पायरी.
उजवी क्लिक कर. गुणधर्म. सुरक्षा.
आता त्याचं नाव टाईप कर.
स्पेलिंग नीट घाल, नाहीतर सापडणार नाही.

त्यानं स्पेलिंग नीट घातलं होतं.

तो जिन्यात उभा होता, मोबाईलकडं बघत.
"काय होतं?" म्हणाला.
"जुनी नोंद होती एक."
"हां," म्हणाला, आणि दोन पायऱ्या खाली आला,
मग तिथंच थांबला.

ईश्वरीच्या नावानं नवीन खातं काढलं,
तिला लिहायचे, खोडायचे सगळे हक्क दिले.
माझ्या नावावरचे नकार एकेक काढले,
नाव ठेवलं. वाचनापुढं टिक.
लिहिण्याचा रकाना बराच वेळ बघितला
आणि तसाच सोडला.
अप्पांच्या प्रत्येक कागदात दोघंच असतात,
लिहून देणार आणि लिहून घेणार.
वाचणाऱ्याला तिथं जागा नसते.

वर प्रिंटर खरखरला.
ईश्वरी पळत खाली आली, हातात ऊन ऊन पान,
कौळखेडच्या कुणाचं तरी वाटणीपत्र.
अप्पांनी चष्मा लावला, पहिली ओळ वाचली,
"शाई कमी झालीय," म्हणाले.